नववधूचे छायाचित्र आणि त्यामागचे हात

भिंतीवरच्या चौकटीतले आजी-आजोबांचे लग्नातले छायाचित्र पाहताना दृष्टी पहिल्यांदा जाते ती चेहऱ्यांकडे. हा चेहरा कोणाच्या वळणावर गेला, ते नाक कोणी उचलले, याची चर्चा होते आणि छायाचित्र पुन्हा भिंतीवर जाते. परंतु त्या दोन चेहऱ्यांभोवती आणखी पुष्कळ काही असते. मागे रंगवलेला पडदा असतो, बाजूला नक्षीदार तिवई असते, वधूच्या अंगावर शालू असतो, अंबाड्यावर फुलांची वेणी असते, कपाळावर मुंडावळ्या असतात. ही प्रत्येक वस्तू कोणा ना कोणाच्या हातची असते. पडदा रंगवणारा, शालू विणणारा, वेणी गुंफणारा आणि दागिना घडवणारा हे सारे त्या चित्रात हजर असतात. मात्र त्यांपैकी एकाचाही चेहरा तेथे दिसत नाही. विवाहाच्या छायाचित्राचा इतिहास हा जितका काचेचा, रसायनांचा आणि प्रकाशाचा, तितकाच तो या न दिसणाऱ्या हातांचा आहे.

अलीकडे या व्यवसायात एक नवी रीत रूढ झाली आहे. तिला ‘स्टाइल्ड शूट’ म्हणतात. छायाचित्रकार एखादी कल्पना ठरवतो. मग गावातला फुलवाला, वेशभूषाकार, रंगभूषा करणारी, सराफ, मंडप सजवणारा, निमंत्रणपत्रिका छापणारा आणि एखाद्या जुन्या वाड्याचा मालक अशा साऱ्यांना तो एकत्र आणतो. एक तरुणी वधू म्हणून नटते, पुष्कळदा एक तरुण वर म्हणून उभा राहतो. होम पेटतो, फुले उधळली जातात, छायाचित्रे निघतात; लग्न मात्र कोणाचेच नसते. बहुधा कोणी कोणाला पैसे देत नाही; प्रत्येकजण आपला माल किंवा आपले कसब घालतो आणि मोबदल्यात त्या छायाचित्रांवर आपले नाव मिळवतो. ती छायाचित्रे पाहून खऱ्या लग्नाची गिऱ्हाइके येतील, ही सगळ्यांची अपेक्षा असते. ही रीत पाहून जुन्या पिढीतली माणसे चकित होतात. लग्नाशिवाय लग्नाचे छायाचित्र, हे नवेच काहीतरी असे त्यांना वाटते. इतिहासाकडे वळून पाहिले, तर ते तितकेसे नवे नाही असे दिसून येते.

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचा विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजी झाला. दागेरच्या छायाचित्रणपद्धतीची रीती पॅरिसमध्ये जगजाहीर होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने लोटले होते. त्या विवाहाचे छायाचित्र नाही. आहेत ती रंगचित्रे आणि छापील चित्रे. मात्र त्या वेळी राणीने जो वेश निवडला, त्यामागे एक व्यावहारिक विचार होता. यंत्रावर विणलेल्या जाळीमुळे डेव्हन परगण्यातल्या हाताने जाळी विणणाऱ्या बायांचा धंदा बुडू लागला होता. राणीने आपल्या वेशासाठी त्यांचीच जाळी घेतली. बीअर या किनाऱ्यावरच्या खेड्यात आणि आसपास दोनशेहून अधिक बाया कित्येक महिने त्या कामावर होत्या. रेशीमही लंडनमधल्या स्पिटलफील्ड्‌सच्या विणकरांचे होते. वधूचा वेश ही कारागिरांची जाहिरात होऊ शकते, हे अशा रीतीने छायाचित्राच्या अगोदरच सिद्ध झाले.

पुढे ११ मे १८५४ रोजी रॉजर फेंटन याने राणी आणि तिचा पती अल्बर्ट यांची छायाचित्रे घेतली. शुभ्र वेशातली राणी आणि शेजारी तिचा पती असे ते युगुल पाहून पुढे पुष्कळांनी ही विवाहाचीच छायाचित्रे मानली. वस्तुतः विवाहाला तेव्हा चौदा वर्षे उलटली होती आणि अंगावरचा वेश होता दरबारी. म्हणजे जगातल्या अत्यंत प्रसिद्ध अशा ‘विवाहाच्या’ छायाचित्रांपैकी एकात विवाहच नव्हता! त्यानंतर १८५८ च्या जानेवारीत राणीच्या थोरल्या कन्येच्या विवाहाच्या दिवशी मात्र खरोखरच छायाचित्र घेतले गेले. त्यात राणी क्षणभर हलली आणि तिचा चेहरा पुसट आला. ठरवून घेतलेले चित्र स्वच्छ आणि खऱ्या प्रसंगाचे चित्र अस्पष्ट, हा विरोध या कलेच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे.

भारतात ही कला लवकर आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत आपला व्यवसाय थाटला. कलकत्ता आणि मद्रास येथेही १८५६ मध्ये अशाच संस्था निघाल्या. तथापि, या पहिल्या काळात छायाचित्र ही श्रीमंतांची आणि अधिकाऱ्यांची गोष्ट होती. ओल्या काचेवर चित्र घ्यावयाचे, ती वाळण्यापूर्वी अंधारात धुवावयाची, आणि चित्र घेताना समोरच्या माणसाने श्वास रोखून बसावयाचे, असा तो खटाटोप होता. मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी टेकू लावीत. जुन्या चित्रांतली माणसे जी इतकी गंभीर दिसतात, त्यात स्वभावाचा भाग थोडा आणि टेकूचा अधिक आहे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. परक्या पुरुषासमोर बसावयाचे कसे? राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत १८९२ मध्ये यावर तोडगा काढला. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार असलेल्या दीनदयाळांनी खास स्त्रियांसाठी ‘जनाना स्टुडिओ’ उघडला आणि तो केनी-लेविक नावाच्या एका इंग्रज बाईच्या हाती सोपवला. तेथे काम करणाऱ्या साऱ्या स्त्रियाच होत्या. पडद्यातल्या स्त्रीला आपली प्रतिमा आपल्या अटींवर उतरवून घेता आली. विवाहाच्या छायाचित्राच्या इतिहासात ही गोष्ट यंत्राच्या कोणत्याही शोधाइतकीच महत्त्वाची मानावी लागेल; कारण यापुढे वधू ही केवळ चित्राचा विषय राहिली नाही, ती गिऱ्हाईकही झाली.

महाराष्ट्रात छायाचित्राला आपले रूप मिळाले ते मात्र रंगभूमीच्या शेजारात. मराठी रंगभूमीचा आरंभ ज्या नाटकाने मानतात, ते विष्णुदास भावे यांचे १८४३ मधले नाटक ‘सीतास्वयंवर’ होते, म्हणजे एका विवाहाचेच आख्यान होते. पुढे संगीत नाटकमंडळ्यांचा काळ आला आणि राजवाडा, उपवन, नदीचा घाट अशा रंगवलेल्या पडद्यांची कला भरभराटीस आली. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे या कलेतले नामांकित कारागीर. छायाचित्रकाराच्या खोलीतला पडदा हा याच पडद्यांचा धाकटा भाऊ होता. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणारे जोडपे त्या पडद्यापुढे संगमरवरी जिन्यापाशी उभे राही. खुर्ची, फुलदाणी, जाड पुस्तक आणि टेबलावरचे घड्याळ ही सामग्री तयारच असे. कित्येक ठिकाणी कोट आणि टोपीही खुंटीला टांगलेली असे. ज्याच्यापाशी नसेल त्याने ती घालावी. तेव्हा नटवलेले चित्र ही आजची खोड नव्हे. स्टुडिओतल्या लग्नाच्या चित्राचा पायाच मुळी नाटकाचा होता.

वेशाचा आदर्शही तिथूनच येई. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघर गेली आणि देवी कशी बसते, पदर कसा घेते, हे लोकांच्या डोळ्यांपुढे ठसले. बालगंधर्वांनी रंगभूमीवर नेसलेली लुगडी आणि घातलेले दागिने पाहून त्या काळच्या प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया तशी आवड धरीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुरुषाने उभी केलेली स्त्रीची प्रतिमा, तिचे अनुकरण करणाऱ्या स्त्रिया, आणि त्या स्त्रियांची पुन्हा छायाचित्रे अशी ही साखळी होती. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हेही आरंभी गोध्रा येथे छायाचित्रकार होते आणि पुढे रविवर्म्यांच्या छापखान्यातही त्यांनी काम केले. पडदा, छापील चित्र, छायाचित्र आणि चित्रपट या चार धंद्यांत तेव्हा भिंती नव्हत्याच.

काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावर रंग चढवणारा कारागीर हा या परिवारातला आणखी एक सभासद. राजस्थानात नाथद्वारा येथे श्रीनाथजीची चित्रे काढणाऱ्या चित्रकारांनी ही कला विशेष वाढवली. घासीराम हरदेव शर्मा हे तर चित्रकार आणि छायाचित्रकार असे दोन्ही होते. शालूचा हिरवा, कुंकवाचा तांबडा, दागिन्यांचा पिवळा हे रंग हातानेच भरीत. जो रंग यंत्राला दिसत नव्हता, तो कुंचला सांगत असे. आणि जो दागिना अंगावर नव्हता, तोही कधीकधी कुंचल्यानेच घडे.

इतके होऊनही छायाचित्रकार अजून मांडवाबाहेरच होता. लग्न लागे घरी, छायाचित्र निघे स्टुडिओत, तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. १८७१ नंतर कोरड्या काचा आल्या, १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची उजेडाची पूड तयार झाली, आणि १९२९-३० च्या सुमारास काचेच्या गोळ्यातला दिवा आला. तेव्हा कोठे छायाचित्रकार अंतरपाटापाशी येऊन उभा राहिला. ही त्याची जागा साधी नव्हे. लग्नात वेळेचा अधिकार आजवर पुरोहिताचा होता. घटिकापात्र बुडाले की मुहूर्त भरला. आता वेळेवर हक्क सांगणारा दुसरा माणूस आला. हार पुन्हा घाला, मान जरा इकडे करा, थोडे थांबा, असे तो म्हणू लागला आणि वरमाय, वधूपिता व भटजी हे तिघेही त्याचे ऐकू लागले.

तरीही त्याच्या हातात एक मोठा लगाम होता, तो म्हणजे फितीचा खर्च. मध्यम आकाराच्या एका फितीवर चौरस चित्रे निघत ती बारा. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध होते. उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि ‘इंदू’ या नावाची देशी फीत पुढे बाजारात आली. तरी फीत जपूनच वापरावी लागे. अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, मंडळींचा समूह आणि वधूची पाठवणी असे मोजके क्षण निवडावे लागत. कोणता क्षण घ्यावयाचा हे ठरवण्यातच त्या छायाचित्रकाराचे शहाणपण होते. पुढे रंगीत फीत सर्वत्र झाली, १९८० नंतर चलच्चित्राचा कॅमेरा मांडवात शिरला, आणि या शतकाच्या आरंभी डिजिटल तंत्राने फीतच नाहीशी केली. मोजण्याची गरज उरली नाही. जेथे बारा चित्रे होती, तेथे हजारो झाली. चित्रांची टंचाई संपली आणि लक्ष वेधून घेण्याची टंचाई सुरू झाली. स्टाइल्ड शूटचा जन्म या दुसऱ्या टंचाईतला आहे. हजारो खऱ्या चित्रांच्या गर्दीत उठून दिसेल असे एक चित्र हवे, आणि खरे लग्न तर कोणासाठी थांबत नाही. म्हणून मग लग्नच मांडून घ्यावयाचे.

अमेरिकेत या रीतीला लग्नविषयक सचित्र मासिकांनी बळ दिले. मार्था स्ट्यूअर्ट यांच्या नावाचे तसे नियतकालिक १९९४ मध्ये निघाले. फुले, केक, टेबलावरचे कापड आणि पत्रिकेचा कागद यांची अशी सुबक मांडणी त्यात असे की वधू हीच मांडणीतली एक वस्तू वाटावी. भारतात ही लाट आली, तेव्हा तिला येथल्या कारागिरीचे अमाप भांडार हाती लागले. महाराष्ट्रीय वधूचा शालू बनारसचा, पैठणी येवल्याची. बंगाली वराच्या डोक्यावरचा शोल्याचा टोपर मालाकाराच्या हातचा, पंजाबी वधूचे कलीरे पंजाबचे, जयपूरच्या लाखेच्या बांगड्या मणिहारांच्या, आणि दक्षिणेकडच्या वेणीतला मोगरा मदुराईचा. आज पुण्यातला छायाचित्रकार नऊवारी, नथ, ठुशी आणि चिंचपेट्या यांनी नटलेली ‘पेशवाई’ वधू जुन्या वाड्याच्या चौकात उभी करतो, तेव्हा नकळत तो एका फार जुन्या व्यवस्थेची आठवण करून देतो.

ती व्यवस्था म्हणजे बलुत्याची. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला, त्यात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे. गावातल्या लग्नात कुंभाराने मडकी द्यावयाची, सुताराने चौरंग-पाट, गुरवाने पत्रावळी, कासाराने चुडा भरावयाचा, परटाने पायघड्या घालावयाच्या. आणि प्रत्येकाला त्याचा मान मिळावयाचा. खण, नारळ, शिधा हा केवळ मोबदला नसे. चारचौघांत नाव घेऊन तो दिला जाई, म्हणजे हे लग्न या हातांनी उभे राहिले याची ती जाहीर कबुली असे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात जन्माने काम ठरे, ते नाकारण्याची सोय नसे, आणि काही जणांच्या वाट्याला मानापेक्षा अपमानच अधिक येई. ती मोडली हे योग्यच झाले. आजच्या छायाचित्रकाराभोवती जमणारी मंडळी कोणाची बलुतेदार नव्हेत. ती आपल्या इच्छेने येतात आणि आपल्या इच्छेने जातात. अनेक तरुण स्त्रियांनी रंगभूषा, केशरचना आणि पुष्परचना यांत स्वतःचे स्थान मिळवले आहे, तेही याच मार्गाने. भांडवल नसलेल्या नव्या कारागिराला आपले काम दाखवण्याची ही एक स्वस्त पेढी आहे.

परंतु बलुत्यात एक गोष्ट होती, जी येथे अर्धवट राहते. ती म्हणजे नावाचा मान. अशा छायाचित्राखाली नावांची यादी असते. त्यात छायाचित्रकार असतो, वेशभूषाकार असतो, सराफाची पेढी असते, सजावटकार असतो. येवल्याच्या मागावर ती पैठणी कोणी विणली, हे त्या यादीत बहुधा नसते. मोगरा कोणी ओवला, हेही नसते. शासनाने पैठणीला आणि बनारसी साडीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण दिले आहे. बनारसी साडीला ते २००९ मध्ये मिळाले. पण ते संरक्षण गावाच्या नावाला आहे, विणकराच्या नावाला नाही. माल जितका हाताने हाताळला गेला, तितका तो मूळ हातापासून दूर गेला, असा हा उलटा हिशेब आहे.

कायद्याच्या बाजूनेही येथे एक भेद आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, कोणी मोबदला देऊन आपले छायाचित्र काढवून घेतले, तर उलट करार नसल्यास त्या चित्राचा पहिला मालक तो सांगणारा असतो. म्हणजे खऱ्या लग्नात सामान्यतः चित्राची मालकी ज्या घराने काम सांगितले त्याची. स्टाइल्ड शूटमध्ये असे सांगणारे आणि पैसे देणारे कोणीच नसते. तेथे मालकी छायाचित्रकाराकडे राहते आणि फुलवाल्याला किंवा दागिने देणाऱ्याला ती चित्रे वापरावयाची तर त्याच्या संमतीवर अवलंबून राहावे लागते. सगळ्यांनी मिळून शिजवलेले अन्न एकाच्याच कोठीत जाते. म्हणून जाणते छायाचित्रकार आरंभीच लेखी ठरवून घेतात, की चित्रे कोणी, कशी आणि कोणाच्या नावासह वापरावयाची. जुन्या काळी जे काम मानापानाच्या रूढीने होई, ते आता एका कागदाने करावे लागते.

आणि अखेर प्रश्न उरतो तो वधूचा. मांडलेल्या लग्नातली वधू घाम गाळीत नाही, तिचा चुडा टिचत नाही, पाठवणीला तिच्या आईचा पदर डोळ्यांना लागत नाही. ते चित्र पाहून ज्या घरात लग्न ठरते, त्या घरावर तसाच वाडा, तशीच फुले आणि तोच थाट उभा करण्याचा भार पडतो. आणि तो थाट मूळ चित्रात कोणी विकत घेतलेलाच नव्हता, हे त्या वधूपित्याला ठाऊक नसते. शोभेची किंमत दाखवणाऱ्याने दिली नाही, ती पाहणाऱ्याने द्यावयाची, असा हा व्यवहार होतो. चित्र नटवलेले आहे हा त्यातला दोष नव्हे. नटवलेले तर आजोबांचे चित्रही होते. दोष असलाच, तर ते नटवलेले आहे हे न सांगण्याचा. आजोबांच्या पाठीमागचा जिना कापडाचा आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

दुसरीकडे छायाचित्राचा पुरावा म्हणून उपयोग वाढत गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले, आणि नोंदणीच्या अर्जासोबत लग्नाचे छायाचित्र किंवा निमंत्रणपत्रिका जोडण्याची पद्धत सर्वत्र परिचयाची आहे. टाकलेल्या, फसवलेल्या स्त्रीला आपले लग्न झाले होते हे दाखवावयाचे असते, तेव्हा तिच्या उपयोगी पडते ते वाड्यातले देखणे चित्र नव्हे. अक्षता अंगावर पडत असताना, डोळे अर्धे मिटलेले, कोणाचा तरी खांदा मध्ये आलेला असे साधे चित्रच तिच्या बाजूने बोलते.

विवाहाच्या छायाचित्रकाराकडे म्हणून दोन कामे आली आहेत. एक शोभेचे, दुसरे साक्षीचे. पहिल्यासाठी त्याने गावातल्या कारागिरांना हाताशी धरावे, त्यांच्या कसबाला उजेडात आणावे आणि उजेडात आणताना विणणाऱ्या-ओवणाऱ्या हातांचे नावही मागे ठेवू नये. दुसऱ्यासाठी त्याने मुकाट्याने बाजूला उभे राहावे आणि जे घडते ते घडू द्यावे. १८५४ चे स्वच्छ चित्र आणि १८५८ चे पुसट चित्र, दोन्ही आजवर जपून ठेवली गेली आहेत. लग्न मात्र त्या पुसट चित्रातच आहे.